घुंई, टकटक, खरखर: गावाकडच्या लाइनीवर कॉम्प्युटरचं रेकॉर्डिंग स्वच्छ कसं करायचं

माझ्याजवळ एक फाइल आहे, मे महिन्यातली. आमचं गाव आर्वी तालुक्यातलं. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं मोझरी तिथून फार लांब नाही, त्यामुळे खंजिरी आणि महाराजांची भजनं आमच्याकडे घरोघरी. घरामागच्या खोलीत लॅपटॉप, दोन माइकचा ऑडिओ इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि एक जुना ॲम्प्लिफायर मांडून मी भजन मंडळांचं रेकॉर्डिंग करतो. त्या दिवशी पेटी वाजवणाऱ्या काकांनी हेडफोन कानाला लावला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "काऊन रे, तुह्या मशीनीत कोन पांढरी पाच धरून बसलं हाय?"

काकांचा कान खोटा नव्हता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे खाते, म्हणजे ५० हर्ट्झ. पॉवर सप्लायमध्ये तिची डीसी करताना ते हेलकावे दुप्पट होतात, म्हणजे १००. पेटीची खर्जातली पांढरी पाच, म्हणजे सप्तकातली पाचवी पांढरी पट्टी, साधारण ९८ ची. सूर जवळजवळ तोच, जरासा चढा.

भजन तसंच सुरू ठेवलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांवर लाइन गेली. पंखा थांबला, कुलर थांबला, ॲम्प्लिफायरचा दिवा विझला. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला आणि काका काही गायचे थांबले नाहीत. संध्याकाळी ऐकलं, तर पहिला भाग घुंईनं भरलेला आणि लाइन गेल्यानंतरचा भाग धुतल्या तांदळासारखा. तोवर मी नवीन माइक आणि नवीन साउंड कार्ड यांचा हिशेब मांडून बसलो होतो. तो कागद फाडला.

गावाकडे रेकॉर्डिंगमध्ये येणारा बराचसा कचरा कॉम्प्युटरचा नसतोच. तो भिंतीतल्या वायरीतून, अर्थिंगमधून, कधी शेजारच्या वावरातून येतो. म्हणून खाली सांगितलेला क्रम मोडू नका. पैसे लागणाऱ्या गोष्टी मुद्दाम मागे ठेवल्या आहेत.

आधी आवाज ओळखा

माइक लावा, सगळ्यांना गप्प बसवा आणि दहा सेकंदांची शांतता रेकॉर्ड करा. मग ती हेडफोन लावून ऐका. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून उपयोग नाही. ५० हर्ट्झची घुंई त्या चिमुकल्या स्पीकरमधून बाहेरच पडत नाही, आणि मग मोठ्या भोंग्यावर लावल्यावर फजिती होते.

एकसारखी, जाड, खालच्या सुरातली घुंई असेल तर वीज आणि अर्थिंग. तीच घुंई कडक होऊन भर्रर्र अशी माशीसारखी झाली असेल तर पंख्याचा रेग्युलेटर, एलईडी दिवा किंवा इन्व्हर्टर. माउस हलवला, पान खाली सरकवलं की बदलणारी बारीक चींऽऽ ही लॅपटॉपच्या पोटातली. ठरावीक अंतरानं पडणारी टक… टक… याची गंमत पुढे सांगतो. टर्र-टर्र-टर्र म्हणजे मोबाइल. कधीही, कसाही येणारा चट् आणि फट् म्हणजे एक तर हलणारी वायर, नाही तर दमलेला कॉम्प्युटर. आणि पाऊस दुरून ऐकू यावा तशी सूंऽऽ म्हणजे वाढवून ठेवलेला गेन, माइकचा आवाज किती मोठा करून घ्यायचा ते माप.

कानावर भरवसा नसेल तर ऑडेसिटी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाका. ती दहा सेकंदं सिलेक्ट करून ॲनालाइझ मेनूमधलं प्लॉट स्पेक्ट्रम उघडा आणि साइज १६३८४ ठेवा. लहान साइज ठेवली तर ५० आणि १०० चे डोंगर एकमेकांत मिसळून दिसतात. ५० आणि १५० वर टोकं दिसली तर वायरीतून किंवा अर्थिंगमधून शिरलेली वीज, १०० आणि २०० वर दिसली तर पॉवर सप्लाय, २१७ च्या पटीत दिसली तर मोबाइल, आणि १००० वर एकटीच काठी उभी दिसली तर यूएसबी. यूएसबीचं काम दर मिलिसेकंदाच्या ठोक्यावर चालतं, म्हणून बरोबर हजार.

चार्जर काढा

हीच ती फुकटची तपासणी. रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन काढा. घुंई तिथल्या तिथे गेली तर निम्मं काम झालं. कमी झाली पण गेली नाही, तर पुढची वस्तू काढा: ॲम्प्लिफायरची वायर, मग बाहेरचा मॉनिटर, प्रिंटर, सेट टॉप बॉक्स. एका वेळी एकच. आणि प्रत्येक वेळी तोंडानं सांगा, "आता प्रिंटर काढला", म्हणजे नंतर फाइल ऐकताना कुठे काय बदललं ते कळतं. मी पहिल्यांदा घाईत तीन पिना एकदम काढल्या आणि दोष कोणाचा ते शेवटपर्यंत समजलं नाही.

लाइन जाणं ही तपासणी म्हणून अर्धवटच आहे. सगळंच एकदम बंद पडतं. चोर घरातला आहे एवढं कळतं, कोणता ते नाही.

डेस्कटॉपला बॅटरी नसते. त्याचा आवाज तपासायचा तर त्याच माइकनं मोबाइलवर किंवा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर रेकॉर्ड करून पाहा.

याच वेळी आणखी एक गोष्ट करून घ्या: माइकच्या धातूच्या अंगाला बोट लावा. बोट लावल्यावर घुंई कमी होत असेल तर माइकच्या केबलची जाळी, म्हणजे वायरीभोवतीचं तारांचं वेष्टन, कुठे तरी तुटलेलं आहे. केबल दोन्ही टोकांशी हळूहळू वाकवत ऐका. तुटलेली जागा खरखरून सापडते. आमच्याकडे ती बहुतेक वेळा पिनेपासून बोटभर अंतरावर असते, कारण कार्यक्रम संपला की पोरं केबल ओढून काढतात, पिन धरून नाही.

अर्थिंग: उन्हाळ्यात घुंई, पावसाळ्यात गायब

मी चार्जर काढला तेव्हा घुंई अर्धी झाली. ॲम्प्लिफायर काढल्यावर आणखी उतरली. मग मी कामाला लागलो आणि विसरलो. ऑगस्टमध्ये सगळं जोडून पुन्हा रेकॉर्डिंग केलं तर घुंई नाहीच! काही दुरुस्त न करता. मी खूश. पुढच्या एप्रिलमध्ये ती परत आली.

कारण जमिनीत होतं. आमची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत हात जातो. भिंतीलगत ठोकलेली दोन फुटांची अर्थिंगची सळई मे महिन्यात मातीला धड टेकतही नव्हती. ओली काळी माती वीज चांगली वाहून नेते, वाळली की तीच माती अडवते. त्यात एप्रिलपासून कुलर सुरू. कुलरची मोटर ओलसर हवेत फिरते, तिच्यातून थोडी वीज पत्र्यावर आणि पत्र्यावरून अर्थिंगच्या वायरीत उतरते. ती जमिनीत जायला हवी. जागा मिळाली नाही की ती घरभरच्या अर्थिंगच्या वायरीत चढून बसते, आणि तिथून ॲम्प्लिफायरच्या अंगावर, ऑडिओच्या केबलच्या जाळीवर.

वायरमनला बोलावून मल्टिमीटरनं मापं घेतली. एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर ठेवून थ्री पिन होल्डरच्या तिन्ही भोकांत आळीपाळीनं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट आले. फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढेच यायला हवे होते, आले १४१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर जाऊ नये, आले ७४. वायरमन म्हणाला, "भाऊ, हे अर्थिंग नाही, नुसती वायर लटकून राह्यली." सळईभोवती दोन बादल्या पाणी ओतलं, अर्ध्या तासानं पुन्हा मोजलं, तर ७४ चे ११ झाले होते. हेडफोनमध्ये फरक स्पष्ट ऐकू येत होता.

बादली हा काही कायमचा उपाय नाही. नंतर आम्ही घराच्या सावलीच्या बाजूला, मोरीचं पाणी जातं तिथे खड्डा केला, अडीच मीटरचा जीआय पाइप उभा केला, भोवती लाकडी कोळसा आणि मीठ यांचे थर दिले आणि वरून पाणी घालायला तोंड ठेवलं. आता एप्रिल-मे मध्ये चार दिवसांनी एक बादली. न्यूट्रल-अर्थ दीड ते दोन व्होल्ट.

मोजताना एक काळजी घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी ०.० आलं तर आनंदू नका. काही वायरमन अर्थिंग नसलेल्या घरात होल्डरच्या मागे न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या भोकाला जोडून देतात. मीटर खूश, माणूस धोक्यात: न्यूट्रल कुठे सुटलं की कॉम्प्युटरच्या पत्र्यावर पूर्ण वीज येते. होल्डर उघडून डोळ्यांनी पाहा, मेन स्विच बंद करून. हे काम जमत नसेल तर वायरमनलाच करू द्या, आणि तो आलाच आहे तर ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच, बसवून घ्या. कुलरचा शॉक लागून माणसं गेल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. रेकॉर्डिंगचं राहू द्या, तेवढ्यासाठी तरी.

अर्थिंग चांगलं, तरी घुंई

हा दुसरा रोग, ग्राउंड लूप. लॅपटॉपचा चार्जर या भिंतीवरच्या बोर्डात, ॲम्प्लिफायर त्या भिंतीवरच्या बोर्डात, दोघांना अर्थ वेगवेगळ्या वाटेनं. मध्ये ऑडिओच्या केबलची जाळी दोघांना जोडते आणि एक गोल पुरा होतो. त्या गोलातून जो बारीक प्रवाह फिरतो त्यालाच आपण घुंई म्हणून ऐकतो. उपाय हास्यास्पद वाटावा इतका साधा आहे: एक चांगला थ्री पिन एक्स्टेन्शन बोर्ड घ्या आणि लॅपटॉप, इंटरफेस, ॲम्प्लिफायर, मिक्सर, सगळं त्यातच लावा. कुलर आणि पंखा त्यात लावू नका.

एवढ्यानं भागलं नाही तर ऑडिओच्या वायरीत ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. काडेपेटीएवढी डबी असते, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर. आवाज पलीकडे जातो, जाळीची जोडणी तुटते. गाडीच्या टेपवाल्यांच्या दुकानात मिळते. स्वस्त डबीत ढोलकीचा खालचा घुमारा थोडा पातळ होतो, म्हणून ती ऐकायच्या वायरीत लावा, माइकच्या वायरीत नाही.

टू पिनचा चार्जर असला की लॅपटॉपच्या धातूच्या अंगावरून हात फिरवताना मुंग्या येतात, अनुभव असेल. चार्जरमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमधून अगदी थोडी वीज येते, त्यामुळे ते अंग अधांतरी राहून शंभरेक व्होल्टवर तरंगतं. ॲम्प्लिफायरला जोडलं की ती ऑडिओच्या केबलमधून उतरू पाहते. अशा लॅपटॉपला रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर ठेवणं सगळ्यात बरं.

आणि आता भांडणाचा विषय. बिछायतवाले, म्हणजे मंडप आणि भोंगे भाड्यानं देणारे, घुंई घालवायला ॲम्प्लिफायरची अर्थची जाड पिन मोडतात किंवा थ्री पिनला टू पिन जोडतात. घुंई जाते, हे खरं. कारण गोल तुटतो. पण मग आत एखादी वायर अंगाला लागली तर ती वीज जायची वाट म्हणजे माइक ओठाला लावून उभा असलेला माणूस. आमच्या मंडळातल्या एकाला मंडपात ओठाला असा चटका बसला की तो महिनाभर माइकला रुमाल गुंडाळून गात होता. पिन मोडू नका. तोडायचीच तर ऑडिओची जाळी तोडा, विजेची अर्थ कधीच नाही.

केबलबद्दलही इथेच सांगतो. माझ्या माइकला एका बाजूला तीन पिनांचं एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला मोनो जॅक असलेली केबल होती, दुकानदारानं दिली तीच. अशा केबलमध्ये बॅलन्सिंग मरतं. दोन्ही टोकांना एक्सएलआर असलेल्या केबलमध्ये आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलटा जातो, वाटेत शिरलेला कचरा मात्र दोन्हींत सारखा असतो, आणि पलीकडे वजाबाकी होऊन तो नाहीसा होतो. केबल बदलली आणि उरलीसुरली घुंई गेली.

या वजाबाकीचा उलटा फटका मंडपात बसतो. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्टिरिओ वायर काढून ती मिक्सरच्या माइक इनपुटात घातली की गाण्यातला गायक गायब होतो आणि मागचं संगीत तेवढं पोकळ वाजत राहतं. डाव्या-उजव्यात सारखा असलेला गळा मिक्सरनं कचरा समजून वजा केलेला असतो. एका स्टिरिओ पिनेतून दोन मोनो पिना निघणारी वायर घ्या आणि दोन वेगळ्या लाइन चॅनेलमध्ये लावा.

ट्रान्झिस्टर घेऊन घरात फिरा

घुंईऐवजी भर्रर्र असेल तर तो हवेतून किंवा लाइनीतून शिरतोय. घरातला जुना ट्रान्झिस्टर शोधा, मिडियम वेव्हवर लावा, स्टेशन नसलेल्या जागी काटा आणा आणि तो हातात धरून खोलीभर फिरा. जिथे भर्रर्र वाढते तिथे चोर. सेल टाकलेला रेडिओ यापेक्षा महागड्या कोणत्याही यंत्राइतकाच कामाचा आहे.

माझ्या घरात तीन सापडले. पहिला पंख्याचा रेग्युलेटर. जुना डब्यासारखा मोठा रेग्युलेटर बिचारा शांत असतो. नंतर आलेला छोटा, बटण गरागरा फिरवता येणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर विजेची लाट कापून पंखा हळू करतो आणि त्या कापण्याचाच आवाज येतो. पंखा पूर्ण वेगावर ठेवा किंवा बंद करा; बदलायचा असेल तर कट-कट करत पायऱ्यांनी फिरणारा, कपॅसिटरचा घ्या. दुसरा एक स्वस्त एलईडी बल्ब, आठवडी बाजारातला. तिसरा इन्व्हर्टर. लोडशेडिंगमध्ये पंखा गुरगुरायला लागला की ओळखायचं, इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे, म्हणजे विजेची गोल लाट न देता चौकोनी देतो. त्याच्यावर रेकॉर्डिंग करूच नये. गोल लाटेचा, साइन वेव्हचा घेईपर्यंत मी लोडशेडिंगच्या वेळी इन्व्हर्टर बंद करून नुसत्या बॅटरीवर काम केलं.

मोटारपंपाचा स्टार्टर पडला की येणारा फट् मात्र टाळता येत नाही. डीपी, म्हणजे गावचा ट्रान्सफॉर्मर, दोघांचा एकच, तुम्ही काय करणार. ती ओळ पुन्हा गाऊन घ्यायची.

रात्रीची टकटक

ही मला सगळ्यात जास्त छळलेली गोष्ट. कार्तिकात मंडळ रात्री जेवणं आटोपून यायचं. प्रत्येक फाइलमध्ये टक… टक… टक… अगदी ठेक्यात. ढोलकीवाल्याला वाटलं मीच कसला ठेका मागे सोडला आहे. घड्याळ लावून मोजलं, मिनिटाला पन्नास. चार्जर काढला, फरक नाही. सगळ्या घराचा मेन स्विच पाडला, लॅपटॉप बॅटरीवर, तरी टकटक सुरूच! आणि सकाळी नाही.

ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात आलो. टकटक तिथे मोठी. गोठ्याकडे आणखी मोठी. शेवटी शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा राहिलो तेव्हा रेडिओ फुटेल असा ठोका देत होता आणि तारेच्या खांबाजवळ, गवतात, दर ठोक्याला एक निळी ठिणगी उडताना दिसली. झटका मशीन. रानडुकरं आणि रोही (नीलगाय) यांच्यापायी आमच्याकडे तुरीला आणि हरभऱ्याला तारेचं कुंपण करतात आणि बॅटरीवरचं मशीन साधारण सेकंदाला एक असा काही हजार व्होल्टचा, क्षणभराचा झटका त्या तारेत सोडतं. जनावर घाबरतं, मरत नाही. संध्याकाळी सुरू, सकाळी बंद. म्हणून दिवसा शांतता. (सरळ लाइनीचा करंट तारेत सोडणं वेगळं. तो गुन्हा आहे आणि त्यानं माणसं मेली आहेत.)

सगळं कुंपण ठीक असतं तर एवढा त्रास झाला नसता. गवत वाढून तारेला टेकलं होतं, एक इन्सुलेटर तडकला होता, तिथे ठिणगी पडून रेडिओसारखी लहर निघत होती. शिवाय मशीनची अर्थची सळई माझ्या नवीन खड्ड्यापासून दोन पावलांवर ठोकलेली. दोन्हींत निदान दहा मीटर अंतर हवं. शेजारच्या दादांना रेडिओ ऐकवला. ते म्हणाले, "म्हंजे माह्या झटक्याचा अर्धा जोर तुह्या भजनात जाऊन राह्यला नं?" तसंच होतं. ठिणगी म्हणजे त्यांचंही नुकसान, तारेतला जोर गवतात जात होता. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी विळ्यानं धुरा साफ केला, इन्सुलेटर बदलला, सळई वावराच्या पलीकडच्या टोकाला नेली. टकटक जवळजवळ गेली. उरली तेवढ्यासाठी मंडळाला दिवसा बोलावतो.

मोबाइल

टू-जीवर फोन सेकंदाला २१७ वेळा तुकड्या-तुकड्यात लहर सोडतो, त्याचीच ती टर्र-टर्र. रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो, म्हणून टॉवरपासून लांबच्या गावात हा त्रास जास्त. बटणांचा फोन असलेले चार आजोबा मंडळात असतातच. दारात एक टोपली ठेवा, सगळे फोन त्यात, टोपली ओसरीवर. सायलेंटवर ठेवून भागत नाही, लहर तरीही निघते.

लॅपटॉपच्या पोटातला आवाज

माउस हलवल्यावर बदलणारी चींऽऽ यूएसबीच्या पाच व्होल्टमधून इंटरफेसमध्ये शिरते. आधी दुसऱ्या बाजूचं यूएसबी भोक वापरून पाहा, त्याच भोकाशेजारी हार्ड डिस्क किंवा नेटचा डोंगल असेल तर काढा. मग स्वतःचा ॲडॉप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घालून पाहा. यूएसबी आयसोलेटरही मिळतात, पण स्वस्तातले बरेचसे सेकंदाला १२ मेगाबिटच्या वर चालत नाहीत. साध्या यूएसबी माइकला ते पुरतं, जास्त चॅनेलच्या इंटरफेसला नाही.

डेस्कटॉप असेल तर माइक पुढच्या भोकात लावू नका. तिथून आत जाणारी बारीक वायर ग्राफिक कार्ड आणि पंख्यांच्या शेजारून जाते आणि सगळं उचलते. मागचं गुलाबी भोक बरं.

ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की आवाज एकदम फोनवर बोलल्यासारखा होतो. तो बिघाड नाही, ब्लूटूथ त्या वेळी हलक्या प्रतीवर उतरतं. रेकॉर्डिंगला वायरचाच वापरा.

चट् आणि फट्

केबल हलवून फरक पडत नसेल तर कॉम्प्युटर दमतोय. वायफाय बंद करून पाहा. वायफायचा ड्रायव्हर या बाबतीत बदनाम आहे. पॉवर ऑप्शनमध्ये हाय परफॉर्मन्स ठेवा, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा. विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घ्यायची तो आकडा) एकच हवा, दोन्हीकडे ४४१०० किंवा दोन्हीकडे ४८०००. बफर, म्हणजे आवाज क्षणभर साठवायची जागा, १२८ असेल तर ५१२ करा. हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज किंचित उशिरा येईल, पण भजनाच्या मध्ये फटाके फुटणार नाहीत. तरीही जात नसेल तर लेटन्सीमॉन नावाचं सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा, कोणता ड्रायव्हर अडवतोय ते ते नावानिशी सांगतं.

सूंऽऽ

विंडोजमध्ये मायक्रोफोन बूस्ट नावाची पट्टी असते, १०, २०, ३० डेसिबलची. कोणी तरी ती ३० वर नेऊन ठेवलेली असते. शून्यावर आणा आणि माइक तोंडाजवळ आणा. दोन हातांवरचा माइक एका हातावर आणला की आवाज सहा डेसिबल वाढतो, आणि सूंऽऽ तेवढीच राहते. आवाजाचं टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन ठेवा. खंजिरीवाल्याला मात्र माइकपासून दोन हात मागे बसवा.

कुलर आणि लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज हा विजेचा दोष नाही, तो सरळ माइकला ऐकू येतो. मे महिन्यात कुलर बंद करून दुपारी गाणं म्हणजे शिक्षा, म्हणून मी पहाटे पाचला बोलावतो. घरात कापूस भरला असेल तर लॅपटॉपच्या जाळीत तंतू अडकून पंखा बोंबलतो. दोन महिन्यांनी मऊ ब्रशनं साफ करा.

सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी

इतकं करून थोडं उरलं तर ऑडेसिटीचं नॉइज रिडक्शन. गाणं सुरू होण्याआधीची दोन सेकंद शांतता सिलेक्ट करून गेट नॉइज प्रोफाइल, मग सगळी फाइल सिलेक्ट करून ६ ते १२ डेसिबल. २४ वर न्याल तर खंजिरीच्या चकत्या पाण्याखाली वाजल्यासारख्या होतात. नुसती घुंई असेल तर नॉच फिल्टर ५० आणि १५० वर लावा, क्यू वाढवून पट्टी अरुंद ठेवा. १०० वर लावताना जपून, पुरुषाचा खर्ज तिथेच राहतो.

ती मे महिन्याची फाइल मी साफ केलेली नाही. घुंईची तक्रार घेऊन कोणी आलं की त्याच्या कानाला हेडफोन लावतो आणि दोन मिनिटं तीस सेकंदांपासून ऐकवतो. दहा सेकंद पांढरी पाच, मग लाइन जाते, आणि काका एकटेच गात राहतात.